मापाचे पाच कागद

अक्काचं पत्र काकपदांच्या टेबलावर तीन महिने अकरा दिवस पडून होतं. ते हरवलं नव्हतं की विसरलं गेलं नव्हतं. रोज सकाळी काकपद ते उचलत, त्याखालची धूळ पुसत आणि पुन्हा तिथेच ठेवत. उत्तर तेवढं लिहून होत नव्हतं.

काकपद हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आयुष्यभर त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. ओळीत एखादा शब्द राहून गेला की तिथे जी टोकदार खूण करतात, तिला काकपद म्हणतात. हे गृहस्थ तसेच बारीक, कमरेत वाकलेले, आणि कुठेही उभे राहिले तरी दोन माणसांच्या मध्ये मागाहून घुसवल्यासारखे दिसत. छापखाना सुटला, नाव सुटलं नाही. थोरली बहीण तेवढी त्यांना अजून बाळ म्हणे. बाळाला सदुसष्टावं चालू होतं.

भाऊबहीण एकाच शहरात राहत होते आणि फोन दोघांकडेही होते. तरी महत्त्वाचं काही असलं की अक्का पत्रच टाकी. तिने लिहिलं होतं, "फोनवर तू सगळ्याला हो म्हणतोस. तुझं हो म्हणजे 'आता ठेवू का' एवढंच असतं. तेव्हा लेखी कळव. घराचं काम संपलं. पाच ठिकाणी भिंतींच्या पाच तऱ्हा झाल्या आहेत. त्यांवर कुठली चित्रं लावायची ते तू ठरव, आपल्यात पुस्तकं वाचलेला तूच. आणि मागची खोली तुझ्यासाठी ठेवली आहे. एकटा किती दिवस राहणार? ये. माणसं घर बघायला येणार त्या रविवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही, तर तिथे ह्यांची व्यायामाची सायकल जाईल. ते रोज टेप घेऊन आत जाऊन येतात."

काकपदांना जायचं होतं. रिकाम्या घरात स्वतःच्याच खोकल्याला दचकायचा त्यांना कंटाळा आला होता. पण तिथे दाजी होते, अक्काचे यजमान. आवाज मोठा, पोट मोठं आणि मन कसं आहे ते आवाजापुढे कधी कळलंच नव्हतं. आपण रात्रंदिवस पुस्तकात तोंड घालून पुटपुटणारा माणूस, आपला त्यांना उपयोग काय? म्हणून त्यांनी ठरवलं, आधी चित्रं. चित्रं जमली तर आपण त्या घरात शोभतो असं समजायचं आणि मग उत्तर लिहायचं.

"चित्रांची काळजी सोड अक्का," त्यांनी फोनवर सांगितलं. "अगदी शास्त्रशुद्ध करतो." एवढं ठाम वाक्य आपल्या तोंडून गेलेलं ऐकून ते स्वतःच जरा वेळ खुर्चीत बसून राहिले.

ग्रंथालयातून त्यांनी घरसजावटीची तीन पुस्तकं आणली. पहिल्यात लिहिलं होतं की गडद लाकडी भिंतीवर फिकं चित्र लावावं. दुसऱ्यात होतं, मुळीच लावू नये. तिसऱ्यात होतं, मनाचं ऐकावं. काकपदांचं मन कधीच एका वेळी एक गोष्ट बोलत नसे. पण तिन्ही पुस्तकांचं एका बाबतीत एकमत होतं: आधी चित्राच्या मापाचा कागद कापून भिंतीवर चिकटवून बघावा.

झालं. दाजी आणि अक्का एका दुपारी बाजारात गेले असताना काकपद खाकी कागद, कात्री आणि पेन्सिल घेऊन नव्या घरात फिरले. दिवाणखान्यात गडद लाकडी भिंत, जेवणाच्या खोलीत चकचकीत पिवळ्या टाइल्स, जिन्यात उघड्या विटा, झोपायच्या खोलीत खरबरीत गिलावा आणि त्यावर कसलासा जांभळट रंग. मागच्या खोलीला नुसता पांढरा चुना होता, कारण तिथपर्यंत येईतो दाजींचा उत्साह संपला होता. प्रत्येक ठिकाणी त्यांनी कागद चिकटवला, चार पावलं मागे गेले, मान तिरकी केली आणि जे मनात आलं ते त्याच कागदावर सुबक अक्षरात टिपून ठेवलं. छापखान्याची सवय. समासात शेरा लिहिल्याशिवाय त्यांना समोरची गोष्ट दिसल्यासारखी वाटत नसे. कागदाच्या मागे त्यांनी अक्काचा पत्ता, खोली, जमिनीपासूनची उंची आणि चौकटीचं लाकूड, सगळं व्यवस्थित लिहिलं.

मग ते पाचही कागद घेऊन ते फ्रेमवाल्याकडे गेले.

फ्रेमवाला काच कापत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "काच साधी लावू की न चमकणारी?"

"न चमकणारी. वाचता... म्हणजे दिसायला बरं पडतं."

"भोवती पांढरी किनार?"

"चार बोटं चालेल ना? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही साहेब," फ्रेमवाला म्हणाला. "मागे एका गिऱ्हाइकाने गोणपाटाचा फाटका तुकडा आणला. मी विचारलं, ह्यातलं चित्र कुठाय? तर म्हणाला, हेच चित्र आहे, तुझी लायकी नाही. त्या दिवसापासून मी विचारायचं बंद केलंय. येईल ते काचेत घालतो."

काकपदांना म्हणायचं होतं की ही नुसती मापं आहेत, चित्रं मी मागाहून आणून देईन. पण फ्रेमवाल्याच्या हातात काच कापायची हिऱ्याची कलम होती, मागे दोन माणसं खोळंबली होती, आणि मागच्या बाजूला सगळं लिहिलेलं होतंच. लिहिलेलं माणसं वाचतात, असा काकपदांचा जुना समज होता. ते "बरं बरं" म्हणून निघून आले.

त्यानंतर ते चित्रं निवडायला बसले. एक्केचाळीस चित्रं त्यांनी पसंत केली होती. पंधरा दिवस डोकं खाजवून ती एकोणचाळीसवर आली. तोवर रविवार उजाडला. उत्तर गेलं नव्हतं, चित्रं ठरली नव्हती, आणि दुपारी माणसं येणार होती. निदान रिकाम्या चौकटी तरी दाखवता येतील, म्हणून त्यांनी फ्रेमवाल्याला फोन लावला.

"चौकटी तयार आहेत का हो?"

"तयार? कालच घरी जाऊन लावून आलो. मागे पत्ता, उंची, सगळं लिहिलेलं होतं. असं गिऱ्हाईक पाहिजे."

"काय... काय लावून आलात?"

"तुमचंच काम साहेब. पाचही."

काकपदांनी फोन ठेवला. कागदांवर आपण काय काय लिहिलं होतं ते एकेक आठवू लागलं, आणि आठवलेलं प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा वाईट होतं. चप्पल एका पायात एक, दुसऱ्यात दुसरीच, अशा थाटात ते बसमध्ये चढले.

घरात वीस-बावीस माणसं होती. दिवाणखान्याच्या गडद भिंतीवर, उंची अक्रोडी चौकटीत, चार बोटं पांढऱ्या किनारीच्या मधोमध तो खाकी कागद विराजमान होता. न चमकणाऱ्या काचेमुळे अक्षर न् अक्षर लागत होतं. "तीन फूट बाय दोन. समुद्र लावावा? दाजी समोर बसले की अर्धा समुद्र झाकला जाईल. वर घ्यावा. किंवा दाजींची खुर्ची हलवावी."

त्याच खुर्चीत दाजी बसले होते. चष्मा त्यांच्या नाकावर नव्हता.

"या, या कलाकार!" दाजी गरजले. "बघा मंडळी, हा आमचा मेहुणा. हे सगळं ह्याने केलंय. मॉडर्न आहे. मला कळत नाही, पण भारी आहे."

"दाजी, जरा बाजूला येता का, मला..."

"लाजतोय बघा. चला, सगळं दाखवतो."

वरात निघाली. जेवणाच्या खोलीत शेजारीणबाई टाइल्सजवळ थबकून वाचू लागल्या, "इथे फळांचं चित्र नको. अक्का आधीच जेवताना खा खा करते. भिंतीनेही तेच कशाला म्हणायचं." त्या हसता हसता टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "अगदी खरं आहे हो. मी इथे आले की दोन दिवस घरी चूल पेटवत नाही."

जिन्यात एक गृहस्थ दुसऱ्याला दाखवत होते, "विटा मुद्दाम उघड्या ठेवल्यात की गिलावा राहिला? विचारू नये." दुसरे म्हणाले, "मीही मघापासून तेच विचारणार होतो." झोपायच्या खोलीत मंडळी जांभळट भिंतीपुढे एकमेकांकडे बघू लागली. तिथे लिहिलं होतं, "हा रंग कोणी निवडला? अक्काने असल्यास छान आहे."

"रंग मी निवडलाय," दाजी म्हणाले. "काय लिहिलंय त्यावर? वाचा की कोणीतरी."

कोणी वाचेना. दाजींनी खिशातून चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि वाचला. मग ते जिना उतरले, विटांपाशी थांबले, टाइल्सपाशी थांबले, दिवाणखान्यात जाऊन खुर्चीमागे उभे राहिले. काकपद त्यांच्यामागून, शाळेत पकडून नेल्यासारखे. समुद्र वाचून झाल्यावर दाजींनी खाली स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा पोटाकडे.

"अर्धा?" दाजींनी विचारलं.

"अंदाजे," काकपद म्हणाले. खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती आणि बोलायची हिंमत नव्हती.

दाजींनी खुर्ची उचलली आणि दोन हात डावीकडे ठेवली. "आता?"

"आता सगळा दिसेल."

"मग असं तोंडाने सांगायला काय झालं होतं? तीस वर्षं घरात येतोस, आलास की हो आणि नाही. मला वाटायचं, ह्या माणसाला आपण आवडत नाही. एवढं सगळं ह्याच्या पोटात आहे हे मला भिंतीवर वाचायला लागतंय."

काकपदांना धक्क्यावर धक्के बसत होते, पण हा सगळ्यांत मोठा होता. ते काही म्हणणार, तोच मागून अक्काची हाक आली. "बाळ, इकडे ये जरा."

अक्का मागच्या खोलीत उभी होती. पांढऱ्या चुन्यावर, साध्या सागवानी चौकटीत पाचवा कागद होता. काकपदांनी डोळे मिटले. तो कागद त्यांना पाठ होता. "इथे काही नको. खिडकी पुरे. फार आवडली खोली. यावं. पण दाजींना सायकल ठेवायची आहे, तीच इथे शोभेल." शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं होतं. मग त्याखाली ठिपके दिले होते, म्हणजे खोडलेलं तसंच राहू द्या. मग ते ठिपकेही खोडले होते.

"मी कालपासून वाचतेय," अक्का म्हणाली. "छापायला नक्की कुठलं घ्यायचं?"

"सायकल जिन्याखाली मावते," दाजी दारातून म्हणाले. "मोजलंय मी. पण हा येतोय का, ते आधी कळू दे."

"हो, अक्का," काकपद म्हणाले. "हो. येतो."

"हे तोंडी झालं. तोंडी तुझं मी धरत नाही." तिने कपाटातून पोस्टकार्ड काढून पुढे केलं. "लिहून टाक."

काकपदांनी खिडकीशी बसून लिहिलं. एका ओळीत तीन खाडाखोडी झाल्या, पण ठिपके कुठेच दिले नाहीत. दाजींनी पत्ता सांगायला सुरुवात केली, मग स्वतःचाच पत्ता सांगतोय हे लक्षात येऊन गप्प बसले. शेजारीणबाई फ्रेमवाल्याचा नंबर मागत होत्या, त्यांना तो देऊन अक्का भावाबरोबर कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली. पेटीच्या फटीत कार्ड अर्धं गेल्यावर काकपदांचा हात थांबला.

"अक्का, इथेच वाचून दाखवू का?"

"नको," अक्का म्हणाली. "टाक."

कार्ड आत पडलं. अक्काने डोळे बारीक करून पेटीवरची वेळ वाचली. "पुढची उचल उद्या साडेदहाला. म्हणजे परवापर्यंत तुझं काय ठरलंय ते मला कळेल. तोवर चल, जेवून घे."