डेरिकचं बोट, राजाची अंगठी

रविवारच्या जेवणाला डेरिक थ्रॉवर डाव्या हातात चिखलाने माखलेला हातमोजा तसाच ठेवून बसला. उजव्या हाताचा मोजा त्याने रीतसर दाराबाहेर बुटांशेजारी काढला होता. मॉरीनने त्याच्यापुढे भाजलेल्या बीफची ताटली ठेवली, बटाटे वाढले, ग्रेव्हीचं भांडं सरकवलं आणि मग त्या हाताकडे पाहिलं.

"हातमोजा," ती म्हणाली.

"थंडी वाजतेय."

"एकाच हाताला?"

डेरिकने उत्तर द्यायच्या ऐवजी एका हाताने मांस कापायला घेतलं. तुकडा ताटलीतून सुटला आणि ग्रेव्हीसकट टेबलावरच्या इस्त्री केलेल्या कापडावर जाऊन बसला. मॉरीनने तो उचलला, परत ताटलीत टाकला आणि काही न बोलता स्वतःचं जेवू लागली. तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला नवरा घरात असला की बाई हळूहळू बोलायचं कमी करते.

आता हा हातमोजा का निघत नव्हता ते सांगायचं, तर आधी डेरिकचं जुनं लफडं सांगायला हवं. लफडं म्हणजे तसलं नाही. तसलं करायला अंगात धमक लागते. अकरा वर्षांपूर्वी, बिटाच्या काढणीच्या दिवसांत, तो ओस्वल्ड डॅकच्या शेतात मदतीला गेला आणि लग्नाची अंगठी हरवून आला. शहाणा माणूस काय करेल? घरी येऊन बायकोला सांगेल, दोन दिवस बोलणी खाईल आणि मोकळा होईल. डेरिकने बोटाला पट्टी बांधली. बोट कापलंय म्हणाला. पण कापलेलं बोटही कधी तरी बरं होतंच, म्हणून त्याने जमिनीतला धातू शोधायचं यंत्र विकत आणलं. मॉरीनला सांगितलं, की मला छंद लागलाय, आणि हातात अंगठी असली की यंत्र तिलाच बघून ओरडतं, म्हणून अंगठी बागेतल्या शेडमध्ये डब्यात ठेवलीय. हे मात्र अर्धं खरं होतं. यंत्रवाले सगळेच अंगठ्या काढून ठेवतात.

तेव्हापासून ऊन असो, गारठा असो, रविवारी सकाळी हा बाबा डॅकच्या शेतात. सापडलं काय? बिअरच्या डब्यांच्या कड्या, ट्रॅक्टरचे बोल्ट, पितळी बटणं आणि घोड्यांचे नाल. शेड भरलं. आमच्या मर्सफील्डमध्ये लोक कौतुकाने म्हणायचे, डेरिकला इतिहासाचं वेड आहे हो. इतिहास गेला खड्ड्यात. त्याला फक्त स्वतःची अंगठी हवी होती.

आणि त्या रविवारी, खड्ड्याच्या तळाशी, मातीच्या ढेकळातून सोनं चमकलं. बारीक, गोल, पिवळंधम्मक. बाकीच्या कुणाही यंत्रवाल्याने काय केलं असतं? मातीसकट उचलून प्लास्टिकच्या डबीत ठेवलं असतं; हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी शिकवतात. डेरिकच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मोजा काढला, अंगठीवर थुंकून माती पुसली आणि ती सरळ त्या बोटात, सांध्याच्या पार पलीकडे दाबून बसवली. मग चष्मा लावला.

अंगठीवर बारीक वेलबुट्टी होती. त्याच्या अंगठीवर नव्हती. ही चारशे वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी होती, आणि ती निघेना.

हे सगळं झाकायला तो हातमोजा. ताटलीतला शेवटचा बटाटा संपला असता, मॉरीन भांडी घासायला उठली असती आणि डेरिक न्हाणीघरात साबण घेऊन बसला असता, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण दारावर थाप पडली आणि ओस्वल्ड डॅक आत आला. चिखलाच्या बुटांनीच आला. खुर्ची ओढून बसला आणि त्याने डेरिकच्या हातमोज्यावर नजर रोखली.

"अर्धी माझी आहे," डॅक म्हणाला.

डॅकचं चुकत नव्हतं. आमच्याकडे रीतच आहे, शेतात जुनं सोनंनाणं निघालं तर कायद्याने ते राजाचं, आणि त्याबद्दल मिळणारं बक्षीस शोधणाऱ्याचं अर्धं, जमीनमालकाचं अर्धं. डेरिकने आनंदाने मारलेली आरोळी त्याने ट्रॅक्टरवरून ऐकली होती, आणि त्यानंतर डेरिक त्याला काही न सांगता खालमानेने घरी पळाला, हेही पाहिलं होतं. आता तो वाटा घेतल्याशिवाय खुर्ची सोडणार नव्हता. मॉरीनने त्याच्यापुढेही एक ताटली ठेवली, नवऱ्याचा हात धरला आणि हातमोजा ओढून काढला.

बोट सुजून भरल्या वांग्यासारखं झालं होतं.

मॉरीनने अंगठी पाहिली. कोणत्या बोटात आहे तेही पाहिलं. मग तिने अगदी शांत आवाजात विचारलं, "घातलीस कशाला?"

"सहज," डेरिक म्हणाला.

"माझी घातली तर यंत्र ओरडतं. ही चालते वाटतं."

डेरिक काय बोलणार? खरं सांगावं, तर अकरा वर्षांचं खोटं बाहेर. न सांगावं, तर बायकोच्या मनात भलतंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि लोणी मागितलं.

लोणी झालं. भांड्यांचा साबण झाला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून हात वर करून फ्रीजमधले गोठवलेले वाटाणे बोटाला बांधून झाले, आणि डेरिक दुपारभर बस थांबवणाऱ्या पोरासारखा हात वर धरून सोफ्यावर बसून राहिला. डॅक समोर. डॅकला गायी होत्या, घर होतं, पण तो हलेना. चहा झाला, केक झाला, टीव्हीवरचा फुटबॉल झाला. शेवटी मॉरीननेच जिल्ह्याच्या संग्रहालयातल्या त्या पोरीला फोन लावला. इमोजेन तिचं नाव. जमिनीतून निघालेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणं हे तिचं काम, आणि बिचारी रविवारी स्वतःच्या आईकडे जेवत होती.

इमोजेनने आधी शंभर वेळा विचारलं, की घातलीत कशाला. मग म्हणाली, ओढू नका, पिळू नका, साबण लावू नका.

"लावून झाला," डेरिक म्हणाला.

"आणखी काही लावलंत?"

"लोणी."

इमोजेनने आईला आपली ताटली झाकून ठेवायला सांगितलं. मग तिने सांगितलं, की उद्या सकाळी आहे तशी घेऊन या.

"आहे तशी म्हणजे बोटासकट?"

"मिस्टर थ्रॉवर," इमोजेन दमून म्हणाली, "बोट तुमचंच आहे. अंगठी सध्या राजाची आहे. दोन्ही नीट आणा."

सोमवारी सकाळी तिघं गाडीतून निघाली. तिघं, कारण डॅक मागच्या सीटवर आधीच बसला होता. बोट दिलं तर हात धरणारी माणसं असतात. याला बोटही नको होतं, फक्त बोटावरचं अर्धं हवं होतं. संग्रहालयात इमोजेनने फोटो काढले, भिंग लावलं आणि अंगठीचं वजन करायला काट्यावर डेरिकचा पंजा ठेवून पाहिला. जमेना. अशा अंगठ्यांत आतल्या बाजूला प्रेमाचं एखादं वाक्य कोरलेलं असतं, ती म्हणाली, आणि ते वाचल्याशिवाय कॉरोनरला कळवता येत नाही. आमच्याकडे कॉरोनर संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो, आणि का कोण जाणे, सापडलेल्या सोन्याचीही तोच करतो. डेरिकच्या बोटाकडे बघून मॉरीन म्हणाली, की साहेबांना एकाच खेपेत दोन्ही कामं मिळतील असं दिसतंय.

बोट आता वांग्यासारखंही उरलं नव्हतं. निळं पडलं होतं. इमोजेन घाबरली आणि सगळ्यांना घेऊन पलीकडच्या दवाखान्यात गेली. तिथली नर्स अनुभवी होती. तिने बोट पाहिलं आणि ड्रॉवरमधून अंगठी कापायची छोटी करवत काढली.

इमोजेन आडवी आली. म्हणाली, ही राजाची मालमत्ता आहे, कापलीत तर गुन्हा होईल. नर्स म्हणाली, राजाला इथे बोलवा, मी त्याच्याशी बोलते. डॅक म्हणाला, कापायचीच असेल तर डेरिकच्या अर्ध्यातून कापा. नर्सने त्याला बाहेर जायला सांगितलं. तो गेला नाही. इमोजेन फोनवर कुणा वरिष्ठांना शोधू लागली, वरिष्ठ सुट्टीवर होते, आणि ज्याचं बोट होतं तो खुर्चीत बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय?

"ऐका," नर्स म्हणाली. "संध्याकाळपर्यंत अंगठी तरी जाईल नाही तर बोट तरी. ठरवा."

तेव्हा मॉरीनने पर्स उघडली आणि त्यातून शिवणाच्या दोऱ्याचं रीळ काढलं.

"दोऱ्याने निघते," ती म्हणाली. "माझ्या बहिणीची काढली होती मी, ती बाळंतपणाला आली तेव्हा."

नर्सने रीळ पाहिलं आणि मान हलवली, की करून बघा. डेरिक मात्र उडालाच.

"मग काल का नाही काढलीस? रात्रभर ठणकत होतं गं."

"काल मी एक विचारलं होतं. तू म्हणालास, सहज." मॉरीन स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली. दोऱ्याचं टोक तिने चिमटीत धरलं होतं. "घातलीस कशाला, डेरिक? खरं सांग. मग काढते."

डॅकसुद्धा अंगठीवरून नजर काढून डेरिककडे बघू लागला. डेरिकने नर्सच्या हातातली करवत पाहिली, आपलं बोट पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी एकदाचं त्याचं तोंड उघडलं.

"मला वाटलं, माझीच आहे," तो म्हणाला. "आपली. लग्नातली. ती शेडमध्ये नाहीये, मॉरीन. ती मी डॅकच्या शेतात हरवली, त्या बिटाच्या वर्षी. छंदबिंद काही नाही. मी तीच शोधतोय आजपर्यंत. काल सोनं दिसलं आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. इतका आनंद झाला मला, की चष्मा लावायचंसुद्धा राहिलं."

इमोजेनचे डोळे भरून आले. नर्सने करवत ड्रॉवरमध्ये परत ठेवली. डेरिक मान खाली घालून बोलणी खायची वाट बघत बसला. मॉरीनने दोऱ्याचं टोक हलकेच अंगठीखालून सरकवलं, अंगठीच्या वर बोटाला सांध्याच्या पुढेपर्यंत दोरा घट्ट गुंडाळला आणि मग खालच्या टोकाने उलगडायला घेतला. दोरा सुटत गेला तशी अंगठी वर चढत आली, सांध्यापाशी अडली, डेरिक विव्हळला आणि ती इमोजेनच्या ओंजळीत पडली.

इमोजेनने भिंग लावून आतलं वाक्य वाचलं. माझं ते तुझं आणि तुझं ते माझं, असा त्याचा अर्थ होता.

"बघा," डॅक म्हणाला. "अर्धं अर्धं. चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय." आणि एकदाचा तो समाधानाने चहा शोधायला बाहेर गेला.

दवाखान्याच्या बाकावर नवरा-बायको दोघंच उरली. डेरिकच्या बोटाला पट्टी होती. या खेपेला खरी. मॉरीनने पर्सचा छोटा कप्पा उघडला, सुट्या नाण्यांमधून काहीतरी काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. साधी, बिनवेलबुट्टीची, आतून थोडी झिजलेली अंगठी.

डेरिकला ओळखायला चष्मा लागला नाही.

"हातमोज्यात होती," मॉरीन म्हणाली. "बिटाचे मोजे धुवायला काढले तेव्हा करंगळीशेजारच्या बोटात अडकलेली मिळाली. दुसऱ्याच दिवशी."

"दुसऱ्या दिवशी? मग सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तू पट्टी बांधलीस. मला राग आला, म्हटलं बघू किती दिवस बांधतो. मग तू यंत्र आणलंस आणि रविवारी बाहेर जायला लागलास." तिने पर्स बंद केली. "मग राग गेला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण बायकोच्या पर्समध्ये कळसा आणि अकरा वर्षं डॅकच्या शेताला वळसा घालणारा माणूस एकटा डेरिकच. त्याला चिडायला हवं होतं. गुडघे गेले होते, कंबर गेली होती, किती हिवाळे त्या चिखलात गेले होते. पण डोक्यावरचं ओझं उतरल्याने तो इतका हलका झाला होता, की चिडायचं विसरूनच गेला. त्याने मॉरीनचा हात दोन्ही हातांत धरला.

"संपलं आता," तो म्हणाला. "यंत्र उद्याच विकून टाकतो. शोधायचंच काय राहिलंय? यापुढे प्रत्येक रविवारी मी दिवसभर घरी. तुझ्यासोबत. स्वयंपाकघरातली कपाटं आधी लावून घेऊ, तुझी ती मसाल्यांची बरणीबिरणी कशीही ठेवलेली असते. तू भाजताना मी शेजारी उभा राहीन. ओव्हन तू जरा जास्तच तापवतेस, ते मला केव्हापासून सांगायचं होतं."

डेरिक अंगठी उजेडात धरून कौतुकाने न्याहाळत होता. मॉरीनचा हात सावकाश कानाकडे गेला, उजव्या कानातला मोती तिने फिरकीसकट काढला आणि पर्सच्या त्याच छोट्या कप्प्यात, नाण्यांखाली ढकलला.

"डेरिक," ती म्हणाली, "यंत्र विकू नकोस इतक्यात. माझं कानातलं हरवलंय. नाताळात डॅकच्या शेतावरून चालत आलो होतो ना आपण, तिथेच पडलं असणार."