दर ऐतवारी एक बोट

आमच्या गल्लीतला सांडू कुशनवाला आधी माणसाचं नाप घेतो, तोंड नंतर बघतो. मी तीस वर्षं त्याच्या भिंतीला भिंत लावून राहतो, तरी सकाळी दारात गाठ पडली की त्याची नजर माझ्या पोटावरून फिरते. "मिस्तरी, ह्या महिन्यात दीड इंच वाढलाव." राम राम त्याच्यानंतर.

चाळीस वर्षं त्यानं रिक्षाची हुडं आणि सीटा शिवल्या. ह्या शहरात तुम्ही कधी रिक्षात बसला असाल, तर सांडूच्या शिवणीवर बसला असाल. जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं तो शिकला. ते वस्ताद जाऊन किती सालं झाली, पण सांडूचं बोलणं अजून "वस्ताद म्हणायचे" असंच सुरू होतं. वस्ताद म्हणायचे, तयार मिळतं ते कुणाच्याच अंगाचं नसतं. वस्ताद म्हणायचे, उसवायची लाज वाटते त्यानं शिवू नये. वस्ताद एवढं सगळं बोलत असतील तर शिवत कधी होते, असं मी एकदा विचारलं. चार दिवस बोलला नाही.

मी गवंडी माणूस. शाळा तिसरीत सुटली, पण माझ्या हातची भिंत अजून कुठं झुकलेली नाही, त्यामुळं कामातलं मला कुणी शिकवलेलं चालत नाही. सांडू माझं ऐकत नाही, मी त्याचं ऐकत नाही. म्हणूनच आमचं जमतं.

त्याला एकच लेक, शीतल. सासर चिकलठाण्यात, नोकरी शेंद्र्याला एका कारखान्यात, मालाच्या तपासणीवर. तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात कुर्ते आवळायला लागले. सोबतच्या पोरींनी मोबाइलवर दाखवलं की गरोदरपणाचे कपडे आता वेगळेच मिळतात, घरी आणून देतात. तिनं बापापाशी नुसता विषय काढला. सांडू मशीनवरून उठून उभा राहिला.

"तिघांच्या सीटवर सात माणसं बसतील अशी सीट शिवलीय मी. माझ्या लेकीच्या कुर्त्यात एक जास्तीचं माणूस मावणार नाय व्हय?"

तिचे चार जुने कुर्ते त्यानं ताब्यात घेतले. पहिल्या कुर्त्याच्या दोन्ही कुशी उसवून त्यात काळ्या रेक्झिनच्या पट्ट्या घातल्या, वर पिवळी पायपिंग. पायपिंगशिवाय त्याचं काम पुरं होत नाही. पोरगी तो घालून कामावर गेली. दिवसभर घामानं निथळली आणि हात हलवला की कुशीत करकर वाजायचं. संध्याकाळी तिनं सांगितलं, बाबा, रिक्षा समजून मागून कुणीतरी हात दाखवून थांबवतंय का काय असं वाटत होतं.

मग त्यानं पेटी उघडली. बायको जाऊन सहा वर्षं झाली, ती पेटी उघडलेली मी बघितली नव्हती. त्यातनं तिचं एक मऊ सुती पातळ काढलं आणि त्याच्या पट्ट्या चारी कुर्त्यांना घातल्या. पिवळी पायपिंग तेवढी ठेवली.

आता नाप. लेकीच्या पोटाला बाप टेप कसा लावणार? त्याची त्यानं वेगळी रीत काढली. ऐतवारी शीतल आली की तिच्या हातात सुतळीचा तुकडा द्यायचा आणि आपण भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. तिनं सुतळी फिरवून जिथं येईल तिथं गाठ मारायची. "झाली का गाठ?" "झाली." मग हा वळायचा, सुतळी मापायचा आणि खिळ्याला अडकवायचा. खिळ्यावर सुतळ्यांची रांग लागली, प्रत्येक नवी आधीच्यापेक्षा जराशी लांब. तब्येत कशी आहे, चक्कर येते का, बाळ हलतं का, ह्यातलं एक अक्षर त्यानं तिला कधी विचारलं नाही. सुतळी बघायचा आणि मान हलवायचा.

त्यानंतर चारी कुर्त्यांच्या कुशी उसवायच्या, एक बोट सोडायचं, पुन्हा शिवायचं. दर ऐतवारी एकच बोट. ह्या कामाला दुपार जायची. "उसवेस्तोवर बसायचंच हाय तर खाऊन घे," म्हणून खुलताबादचे पेरू फोडी करून, मीठ लावून तिच्यापुढं सरकवायचा. ते पेरू आणायला तो शनिवारी यष्टीनं जायचा. गल्लीत हातगाडी येते, पण तिचे पेरू त्याला पसंत नव्हते.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. सातव्या महिन्यात व्याही आले आणि त्यांनी नीट बसून सांगितलं की तुमच्या घरात बाईमाणूस नाही, बाळंतपण आम्हीच करतो. बोलण्यात वावगं काही नव्हतं. "बरोबर हाय तुमचं," सांडू म्हणाला. त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आला आणि मशीनला तेल घालत बसला. एवढं तेल त्या मशीनला सालभरात लागलं नसेल.

आठव्या महिन्यातल्या एका ऐतवारी मी तिथं बसलो होतो. शीतल पाय लांब करून पेरू खात होती. एक कुर्ता माझ्या हाताला लागला म्हणून मी उलटा करून बघितला, तर कुशीत आतल्या अंगाला अजून चांगलं तीन-चार बोटं कापड दुमडून ठेवलेलं. मी गवंडी असलो तरी मला डोळे आहेत. हे सगळं एकदम सोडलं तर नववा महिना आरामात निघतो. मी विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, सैल कापड कारखान्यात मशीनला अडकतं.

असली कारणं मला चालत नाहीत. मी तिच्याकडंच वळलो. म्हणालो, पोरी, तुझ्या बापाला काम वाढवून करायची सवय आहे. सगळं कापड सोडायचं, दोन्ही कुशीला दोन बंद लावायचे आणि पाठीवर गाठ मारायची. पोट वाढेल तशी गाठ सैल करायची. असल्या अंगानं दर ऐतवारी एवढ्या लांब हेलपाटा मारायचं काम नाही.

मशीन थांबलं. सांडूनं माझ्याकडं बघितलंच नाही. सुईखालचं कापड तो बोटानं उगाच सारखं करत राहिला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उतरलं की मी काय बोलून बसलो. बाळंतपण तर गेलंच होतं. एक बोट कापडाच्या निमित्तानं दर आठवड्याला लेक घरी येत होती, ते निमित्तही मी त्याच्या देखत तोडून ठेवलं होतं. आणि दिलेली अक्कल बरोबर होती, हीच पंचाईत. परत घेता येत नव्हती.

शीतलनं बापाकडं बघितलं, मग हातातली फोड संपवली.

"बंद नको काका. खुर्चीला टेकलं की गाठ टोचते."

एवढं बोलून ती थांबली नाही. "बाबा, ह्या खेपेला एक बोट नको, अर्धंच सोडा. बुधवारी सुट्टी हाय मला. उरलेलं अर्धं तवा येऊन सोडून घेते."

सांडूनं सुई वर घेतली, कापड काढलं, पुन्हा घातलं. मग खाली बघतच त्यानं विचारलं, "बुधवारी सकाळी येशील का माय, का दुपारून?"

"सकाळीच येते."

मी चहा न घेता उठलो. चूक कबूल करायची मला सवय नाही, त्या दिवशीही केली नाही. म्हणालो, गाठ टोचत असेल तर बंद नकोच, आणि बाहेर आलो.