वनिता गेली

पेशी जिवंत ठेवणं हे काही मोठं काम नाही, असं अण्णांनी पोरांना जेवताना सांगून टाकलं होतं.

लोधिवलीजवळच्या केंद्रात लसी आणि इम्युनोथेरपीचं संशोधन शिकायला पोरं येत. त्यांची खानावळ अण्णांकडे होती. पोरांचा पहिला धडा म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत वाढवायच्या, वेळेवर खाऊ घालायच्या, मरू द्यायच्या नाहीत. याला ती ‘कल्चर’ म्हणत. पोरांचं कल्चर सारखं मरायचं.

अण्णांचं टिकून होतं. बायको वनिता वारली तेव्हा फ्रिजात तिचं विरजण होतं. त्याचंच ते रोज दही लावत आणि त्यातलं चमचाभर उद्यासाठी ठेवत. दुसरं विरजण त्यांनी घरात येऊ दिलं नव्हतं.

आणि त्यांचा फ्रिज बंद पडला.

प्रयोगशाळेत फ्रिज होता, पण तिथल्या प्रमुख सुचेता मॅडमचा नियम कडक. खायचं काही ठेवायचं नाही, आणि नाव नसलेली वस्तू सरळ फेकायची. अण्णांनी वाट काढली. पोरांतल्या अबोलीकडून झाकणाची कोरी नळी मागून घेतली, तीत विरजण भरलं आणि पोरांसारखीच चिठ्ठी डकवली: ‘वनिता. कल्चर. हात लावू नये.’ संध्याकाळी पोरं बाहेर पडताना ते आत जाऊन ठेवून आले.

सकाळी ती नळी तिच्यासोबत शिकणाऱ्या अनुपमच्या हाती लागली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तर जिवाणूंची जत्रा! जिवाणू सगळीकडे पसरले असतील या भीतीने मॅडमनी प्रयोगशाळा बंद केली. पेशींच्या खाद्यासकट फ्रिजातलं सगळं वाफेच्या यंत्रात घालून उकडलं. ते यंत्र म्हणजे थोरला कुकरच.

दुपारी अण्णा आमटी वाढत होते.

“वनिता गेली,” अनुपम अबोलीला म्हणाला.

“माहीत आहे रे,” अण्णा म्हणाले. “गेल्या श्रावणात.”

“नाही अण्णा, आज. कुकरमधून काढली.”

अण्णांच्या हातातली पळी आमटीत बुडाली.

उलगडा झाल्यावर कुणी जेवलं नाही. मॅडम ओरडायला उठल्या होत्या, त्या तशाच खाली बसल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, की आम्ही चांगलं कल्चर दुसऱ्या प्रयोगशाळेतही देऊन ठेवतो, तसं वहिनींचं कुणाकडे आहे का?

अण्णांना शेजारच्या गौराबाई आठवल्या. वनिता वाटी घेऊन त्यांच्याकडे जायची, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. जेवण टाकून सगळे तिकडे गेले.

“वनिताचं इरजण?” गौराबाई म्हणाल्या. “अरं अण्णा, तीच माज्याकडनं न्यायची. तिचं सारखं नासायचं. म्हनायची, यांना सांगू नको गं.”

पोरं अंगणाकडे बघू लागली. अण्णांनी सोबत आणलेली वाटी पुढे केली.

घरी येऊन त्यांनी वाटीवर लावायला नवी चिठ्ठी लिहिली: ‘वनिता.’ जरा थांबून खाली लिहिलं: ‘हे दही आहे.’