अंगठा लावू का?

इस्माईलचाचांसमोर कुणी भरभर बोलायला लागलं, की ते उजवा अंगठा पुढं करून हवेत हळूच टेकवायचे. ग्रामोफोनची तबकडी जास्तच पळायला लागली की तिच्या कडेला टेकवतात, तसा. "अंगठा लावू का?" एसटीचा कंडक्टर असो की मंगलाष्टका उरकणारे भटजी, सगळ्यांना एकच सवाल.

मी खानदेशातला. सहावीत शाळा सुटली. पुढं काम शोधत उमरग्याच्या स्टँडवर उपाशी बसलो होतो, तिथून चाचांनी मला उचललं. ते फिरत्या तंबू टॉकीजचे ऑपरेटर. त्यांनी मला दारावर तिकिटं फाडायला लावलं आणि जेवायला आपल्याच राहुटीत बसवलं. हे उपकार कधी संपतील याची मला धास्ती असायची. त्यात चाची माझ्याशी बोलत नसत. मी मान खाली घालून घाईघाईनं "बस, चाची, पोट भरलं" म्हणायचो. त्या भाकरीवर भाकरी टाकायच्या. मला वाटायचं, रागानंच वाढतायत.

चाचांना आवाजाचं भलतंच वेड. विजेचं इंजिन दमलं की पडद्यावरची नायिका पैलवानाच्या आवाजात बोलायची. तेव्हा चाचा कानाला हात लावून माफी मागायचे. प्रेक्षकांची नव्हे, नायिकेची.

नवरात्रात तंबू तुळजापुरात होता. आमचे मालक बाबूशेठ म्हणाले, "इस्माईलभाई, मशीन पळवा. दोन खेळांच्या जागी तीन बसले पाहिजेत."

"शेठ, चित्र पळलं की आवाज बी पळतो. हीरो पोरीवानी बोलंल."

"बोलू द्या. गाणी तेवढी रेकॉर्डवर लावा."

लावली. पण चित्र पळत होतं आणि रेकॉर्ड आपल्या चालीनं. नायिकेचं गाणं संपून ती बापाच्या प्रेतावर पडून रडायला लागली, तरी भोंग्यावर तिचं झोक्याचं गाणं चालूच. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. रेकॉर्ड पळवली, तर बाई उंदरासारखी चिरकली. इथं अंगठ्याचा उपयोग नव्हता. शेवटी चाचांनी मधलं एक कडवं गाळून सुई पुढं ठेवली. गाणं आणि चित्र एकदम संपलं. शेठ खूश. चाचांवर मात्र त्यांचा भरवसा नव्हता, मला केबिनमध्ये उभं करून म्हणाले, "मशीन हळू झाली, तर पहिल्यांदा तू घरी जाशील."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच खेळाला चाचांनी केबिनच्या भोकातून बायकांच्या बाजूला बघितलं. पहिल्या रांगेतली चाचींची हिरवी ओढणी उठून बाहेर चालली होती. चाचांनी मुकाट्यानं मोटारीची कळ फिरवून वेग खाली आणला.

"चाचा, शेठ मला हाकलतील. गाण्याचा आवाज तर चांगला जुळला होता, मग कशाला आता—"

"आस्ते." अंगठा वर आला, पण टेकला नाही. "तिला आवाजाचं काय करायचं रे? तिला ऐकू येत न्हाय. ती ओठ वाचती. ओठ असे पळाले, तर काय वाचंल?"

मी भोकातून बघितलं, हिरवी ओढणी दाराशी पोचली होती.

"जा, बोलावून आण," ते म्हणाले.

पहारा सोडून मी बाहेर गेलो. चाची राहुटीकडं निघाल्या होत्या. मी समोर जाऊन मान वर केली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणालो, "चाची, चला. आता दमानं चाललंय." त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं आणि परत फिरल्या.

त्या दिवशी तिसरा खेळ बसला नाही. शेठ तणतणत केबिनमध्ये आले. "खानदेशी, कुणी हळू केली?"

चाचा तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "इंजिन दमलं, मालक."

शेठनं आम्हा दोघांकडं नीट बघितलं आणि इंजिनाला शिव्या देत निघून गेले. नवरात्र संपेपर्यंत इंजिन दमलेलंच राहिलं.

रात्री जेवताना चाची चाचांना सिनेमातला झगडा सांगत होत्या, ओठांनीच, आवाज न काढता. चाचा घास हातात धरून बघत होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

माझ्या दोन भाकऱ्या झाल्या, तशी चाचींनी ताटात तिसरी टाकायला हात पुढं केला. मी मान वर करून सावकाश म्हणालो, "बस, चाची. पोट भरलं."

त्यांचा हात थांबला. मग जाडसर, अडखळत्या आवाजात त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या, "दोनच? मग रोज चार कशाला खायचास रे?"