बी-विंगचं मनोधैर्य

"जवान गोळीने पडत नाही रे गोपी, घराच्या आठवणीने पडतो."

लढाईवरून परतलेल्या दगडूमामाचा हा आवाज गोपीनाथरावांच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. शत्रूच्या विमानातून म्हणे कागद पडायचे. धमकीच्या कागदांवर जवान चणे खायचे. पण 'गड्या, घरी भात उकळतोय, तू इथे कुणासाठी बसलायस?' हा कागद घडी घालून खिशात जायचा.

हे शास्त्र शांततेच्या काळात वापरणारी डोंबिवलीतली पहिली संस्था म्हणजे गोपीनाथरावांची सोसायटी. पुनर्विकासाला ए-विंग एकमताने तयार होती. (गोपीनाथरावांचाही हात वर होता. शेजारच्याने धरून केला होता, पण वर होता.) बी-विंग सही देईना. सबब, 'मनोधैर्य खच्चीकरण उपसमिती' नेमण्यात आली.

पहिलं पत्रक : 'शरण या, नाहीतर स्लॅब डोक्यावर पडेल.' बी-विंगने कळवलं, तुमचा आधी पडेल. (तपासणीला आलेल्या इंजिनिअरने दोन्ही अंदाज बरोबर ठरवले.)

"काका, तुम्हाला ओव्या येतात ना?" उपसमितीचा अध्यक्ष सुदेश म्हणाला. "घराची आठवण करून देऊन रडवा की त्यांना!"

आईच्या जात्याला टेकून वाढलेल्या गोपीनाथरावांनी लिहिलं :

दाराच्या चौकटीवरी, लेकीच्या उंचीच्या रेघा
रंगवी घर रे दादा, तेवढी सोडून जागा

खाली रीतसर शरणपरवाना : 'हे पत्रक शेवटपर्यंत वाचणारा फुटला असे समजून त्यास ए-विंगमध्ये चहा देण्यात येईल. अपमान होणार नाही.'

शास्त्र अचूक होतं. फक्त जवान घरापासून लांब असतो आणि बी-विंग घरातच बसली होती, एवढं बघायचं राहिलं. तिथले लोक पत्रक वाचून आपापल्या चौकटी न्याहाळू लागले. सहीला तयार झालेले दोघेही फिरले. त्यात गच्चीवरून सोडलेले निम्मे कागद वाऱ्याने परत ए-विंगच्या गॅलऱ्यांत आणून टाकले. (वाऱ्याला सभासदत्व नसतं.) तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी तर कागद देवघरात ठेवला. स्वपक्षाचं मनोधैर्य एकशेदहा टक्के खचलं. वरचे दहा टक्के भाडेकरूंचे.

तातडीची सभा गोपीनाथरावांच्याच हॉलमध्ये भरली.

"काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" सुदेश तडकला.

काकांनी उठून पंखा वाढवला. त्यांची बायको नंदा मात्र दाराच्या चौकटीकडे बघत होती.

"अहो, ह्या रेघा तर आपल्या लेकीच्या, सान्वीच्या. मग पत्रक नेमकं कुणाला धाडलंत?"



"मला नाही जायचं इथून," गोपीनाथराव म्हणाले.

नंदाने विचारलं, "चहा किती जणांना?" एकेक हात वर झाला, ह्या वेळी कुणी कुणाचा धरला नव्हता. शेवटचा सुदेशचा.

(नियम सर्वांना सारखा. आपणही शेवटपर्यंत वाचलंत. सही कुठे करून बसला आहात, ते विचारत नाही. साखर किती, तेवढं सांगा.)