खोक्यातला पक्षी धरत नाहीत

ऑक्टोबरात हेल्सा बेटावर सलग चार दिवस आग्नेयेचा वारा, धुकं आणि आडवा पाऊस होता. बोट बंद, दुकानातला पाव संपलेला. बेटावरची एकोणचाळीस माणसं हवेला शिव्या घालत होती आणि पक्षी बघायला आलेले बासष्ट पाहुणे देव पावल्यासारखे खुशीत होते. असल्याच हवेत सैबेरियाकडचे पक्षी वाट चुकून इथे येऊन आदळतात.

पाचव्या दिवशी सकाळी मिमा इस्बिस्टरला कोबीच्या वाफ्यात अंगठ्याएवढा पक्षी सापडला. भिजून चिंब, डोळे मिटलेले. तिनं त्याला गेलेल्या नवऱ्याच्या लोकरी मोज्यात गुंडाळलं आणि बुटांच्या खोक्यात घालून चुलीजवळ ठेवलं. दुपारी त्यानं डोळे उघडले, एक माशी खाल्ली. वर्षभरानं त्या घरात तिच्याखेरीज कुणीतरी जेवत होतं. मिमाला भारी आनंद झाला. आनंदाच्या भरात तिनं ते शेजारच्या लावरीला सांगितलं, तेवढंच चुकलं.

अर्ध्या तासात बासष्ट जण दारात. पुढे नोंद पडताळणी मंडळाचे अध्यक्ष पिंचबेक. खोक्यात डोकावताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग चेहरा पडला.

"आजी, हा खोक्यात आहे."

"मग काय चुलीत घालू?"

"नियम चार. पक्षी मुक्त अवस्थेत दिसला पाहिजे. खोक्यातला नोंदीत धरत नाहीत."

"नका धरू. वारा पडला की उद्या सोडते. तेव्हा बघा."

"उद्या उडून गेला तर? बावीस वर्षं वाट बघतोय मी याची!"

"आणि तो बाहेर मेला तर?"

या मुद्द्यावर अंगणातच, भर पावसात, तातडीची सभा भरली. पक्षी ठणठणीत असल्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. पक्षी सभासद नसल्यामुळे त्याचं मत घेण्याचा प्रश्न आला नाही.

"दोन मिनिटं, आजी," पिंचबेक हात जोडून म्हणाले. "कुंपणावर ठेवा. बघून झालं की घ्या आत."

बासष्ट भिजलेली तोंडं बघून मिमा विरघळली. तिनं पक्षी दगडी कुंपणावर ठेवला. पेनं वह्यांवर चालू लागली. दोन मिनिटांनी तिनं हात पुढे केला, तर पिंचबेकनी मनगटच धरलं.

"थांबा! मागच्या नऊ जणांचं राहिलंय. तुम्ही हात लावलात की तो पुन्हा बंदिवासात."

"अहो, काकडलाय तो! सोडा मला!"

नऊ जणांच्या दुर्बिणींच्या भिंगांवर पाणी होतं. ते पुसून होईपर्यंत पक्षी कलंडला.

मग खरी पंचाईत झाली. मेलेलाही धरत नाहीत. पिंचबेक वही उघडून मिमाकडे वळले. "आजी, शेवटचा श्वास नेमका किती वाजता? तीन नऊ की तीन दहा? नऊपैकी चौघांनी नेमका त्याच मिनिटात बघितला; त्यांची नोंद त्यावर अडलीय."

पक्षी मोज्यात गुंडाळून मिमा आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. चौघांचं अपील अजून मंडळापुढे पडून आहे, आणि निकाल लागेपर्यंत पक्ष्याचं नाव कुणी जाहीर करायचं नाही, असा नियम आहे.

वर्ष झालं. अजूनही अनोळखी लोक तिला पत्रं धाडतात. तो शेवटी वाचला का, असं एकानंही विचारलेलं नाही. सगळ्यांना एकच हवं असतं: पक्षी होता कोणता? तुम्हीही मघापासून त्याच्या नावाचीच वाट बघताय ना? मिमा सांगत नाही. मीही सांगणार नाही.