दुधाळ नळीचा मान

माणसाची पत त्याच्या ताटावरून कळते. पण जेवून हात धुतल्यावर ती कशी ओळखायची, या प्रश्नाकडे शास्त्राने फार काळ दुर्लक्ष केले होते.

आमच्या घानाच्या किनाऱ्यावरच्या गावात तो प्रश्न डॉक्टर आमिसांनी सोडवला. लोकांना सकाळी उपाशी बोलवायचे, आंबवलेल्या मक्याच्या केन्केचे गोळे आणि मासळी खाऊ घालायची (एका आठवड्यात लाल पामतेलात, पुढच्या आठवड्यात खोबरेलात, मग शेंगदाण्याच्या तेलात) आणि काही तासांनी रक्त काढायचे. नळी उभी ठेवली की तांबडे खाली बसते. वरचे पाणी नितळ राहिले तर ठीक. चरबी फार झाली असेल तर ते नारळाच्या दुधासारखे दिसते. लोकांनी घाबरावे म्हणून डॉक्टरांनी नळ्या खिडकीत मांडल्या.

कोणी घाबरले नाही. गावातल्या नव्वद टक्के लोकांना निष्कर्ष कळला नाही, उरलेल्यांना तो आवडला. दुधाळ नळी म्हणजे खात्यापित्या घरचा पुरावा! मयताच्या जेवणाला दुधाळ नळीवाल्यांना पुढच्या खुर्च्या मिळू लागल्या.

या व्यवस्थेत एबो बेन्सिल अडकला. रोज पहाटे जाळे ओढणारा गडी. कुठलेही तेल पाजा, नळी नितळ. त्याचे लग्न बाबाशी ठरले होते. (बाबा हे आमच्याकडे मुलीचे नाव आहे.) तिच्या आईने, मामे अराबाने, खिडकीतली नळी पाहिली आणि सोयरीक मोडली.

डॉक्टर स्वतः समजवायला गेले. "मामे, पोराचं रक्त स्वच्छ आहे. चांगलं लक्षण आहे हे."

"रिकामी हंडीही स्वच्छच असते, डॉक्टर," मामे म्हणाली. "माझी पोर तिच्यात काय शिजवणार?"

एबोने जाळे टांगले. दिवसभर सावलीत बसून तो पामतेलात तळलेली केळी खाऊ लागला. बाबाच तळून द्यायची आणि वर म्हणायची, "अरे, जरा कमी खा!"

"तुझ्या आईला सांग ते," एबो तोंड भरून म्हणायचा.

शेवटी नळी अशी पांढरी झाली, की मामेने शेजारणींना बोलावून दाखवली. लग्न थाटात लागले. नाचताना एबोला धाप लागली. तो छाती धरून खालीच बसला. मामे अभिमानाने म्हणाली, "बघा, जावयाला उभं राहवत नाही! याला म्हणतात सुखवस्तू!"

बाबा हसली नाही. दुसऱ्या पहाटे तिने नवऱ्याला हाताला धरून किनाऱ्यावर नेले. दोराचे एक टोक त्याच्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले.

"लोक काय म्हणतील?" एबो कुरकुरला.

"म्हणतील विधवा झाली नाही. ओढ!"

महिन्याभरात त्याची धाप गेली, गावातली खुर्चीही गेली. मामे अजून जावयाचे नाव काढत नाही.

तुम्ही हसा. तुमचा अहवाल उत्तमच असणार. तुम्ही वर्षातून एकदा रात्रभर उपाशी राहून रक्त देता, अन् दंडावरचा कापूस निघायच्या आत समोरच्या हॉटेलात वडा मागवता. त्यानंतरच्या चार तासांबद्दल तुम्हाला आजवर कुणी विचारलेले नाही, आणि तुम्हीही कुणाला विचारू दिलेले नाही.